आधी भोगवटा, मग बयाणा

पाडवा जवळ आला की नव्या घरांच्या बुकिंगचा धोशा सुरू होतो आणि सोबत जाणकारांचा सल्ला येतो: काम चालू असतानाच घ्या, स्वस्त पडतं. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. घर घ्यावं ते भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या इमारतीतच.

स्वस्ताई आधी तपासू. समजा, बांधकामाधीन फ्लॅट ६० लाखांचा आणि शेजारच्या तयार इमारतीत तसाच ७० लाखांना. पहिल्यावर पाच टक्के जीएसटी, म्हणजे ३ लाख. भोगवट्यानंतर विकलेल्या घरावर तो नाही. ताब्यापर्यंत तीन वर्षं महिना २० हजार भाडं, म्हणजे ७ लाख २० हजार. हिशेब ढोबळ आहे, पण दहा लाखांचा फायदा इथेच संपला. तोही ताबा वेळेवर मिळाला तर!

‘पण रेरा आहे ना?’ आहे, आणि २०१६ चा तो कायदा चांगलाच आहे. ग्राहकांच्या पैशांतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायला त्याने लावले. पण नोंदणी क्रमांक म्हणजे हमी नव्हे. कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींसाठी पालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवली गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचे आदेश दिले.

तयार इमारतीत मोक्याचे फ्लॅट उरत नाहीत, या आक्षेपात तथ्य आहे. पण उरलेला निदान पाहता येतो. सॅम्पल फ्लॅटमध्ये खोल्यांना अनेकदा दारंच नसतात, पलंगही बेताच्या मापाचा. तयार घरात भर जुलैत जाऊन बाथरूमच्या मागच्या भिंतीवर तळवा टेकवा, ओल लगेच कळते. बादलीभर पाणी ओतून फरशीचा उतार पाहा. दिवसाला टँकर किती येतात, ते वॉचमनला विचारा. सेल्स ऑफिसात हा विषय निघत नाही.

‘सगळेच थांबले तर बिल्डरने बांधायचं कशावर?’ स्वतःच्या भांडवलावर, नाहीतर बँकेच्या कर्जावर. नफ्यात वाटा नसताना पगारदाराने त्याच्या जोखमीत भागीदार का व्हावं?

एवढं सांगूनही बुकिंग करायचंच असेल, तर नोंदणीकृत कराराआधी दहा टक्क्यांच्या वर एक रुपयाही देऊ नका. त्याहून जास्त मागायला रेराच्या कलम १३ नेच बिल्डरला मनाई केली आहे.