जगात जर्मनी, आणि सायकलवर परभणीकर

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ या म्हणीचा उगम विचारावा, तर परभणीत जितकी माणसे तितक्या कथा ऐकायला मिळतात. कुणाला त्यात अभिमान दिसतो, कुणाला टोमणा. एक मात्र खरे, की आगगाडीत शेजारच्या प्रवाशाला आपण ‘परभणीचे’ म्हणून सांगावे, आणि त्याने म्हणीचा पहिला अर्धा भाग स्वतःच म्हणून दाखवावा, असा रिवाजच पडून गेला आहे. त्यावर आपण हसायचे असते. तेव्हा एकदा जर्मनी पाहून घ्यावी, म्हणजे हसायचे कशाला ते तरी कळेल, असे बरेच दिवस मनात होते. भाच्याला तिकडे नोकरी लागली आणि तो योग जुळून आला.

भाचा हुशार. बर्लिनसारख्या राजधानीत हॉटेलात आठ दिवस राहणे मामाच्या पेन्शनीला झेपणार नाही, हे त्याने आधीच ताडले होते. त्याने एक घरगाडी भाड्याने घेतली. जर्मन लोक तिला ‘वोनमोबील’ म्हणतात. सात मीटर लांबीचे ते प्रकरण. आत दोन पलंग, दोन शेगड्यांचा गॅस, वीतभर ओटा, हातभर मोरी आणि कोपऱ्यात संडास. स्वच्छ पाण्याची टाकी वेगळी, सांडपाण्याची वेगळी, आणि ती सांडपाण्याची टाकी नेमून दिलेल्या जागीच रिकामी करायची. मागच्या बाजूला तीन सायकली टांगलेल्या.

सौभाग्यवतींनी आत-बाहेर दोन फेऱ्या मारल्या आणि निकाल दिला, “अहो, हा तर दिंडीचा ट्रक झाला!”

त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी परभणीवरून गंगाखेडकडे जाते, ती आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. दिंडीबरोबर ट्रक असतो. त्यात भांडीकुंडी, पीठमीठ, पडशा, तंबू. ट्रक पुढे मुक्कामावर जाऊन थांबतो आणि वारकरी मागून पायी येतात. संसार वाहनात, आणि दर्शन मात्र पायांनी. आमच्या प्रवासाचीही तीच तऱ्हा होती. फक्त पायांखाली पायडल आले.

बर्लिनमध्ये ही तऱ्हा पत्करावीच लागते. शहर पसरले आहे सुमारे ८९० चौरस किलोमीटरवर. मध्यभागाला शहरी रेल्वेचे एक कडे आहे. त्याच्या आत धुराचा नियम कडक. २०१० पासून तिथे, काही सवलती सोडल्या तर, हिरवी चकती मिळालेलीच मोटार जाऊ शकते. चकती असली तरी सात मीटरची गाडी उभी करायला जागा कोण देणार? म्हणून आमचा मुक्काम पश्चिमेच्या कडेला, हाफेल नदीच्या बाजूला पडला. झाडांखाली घरगाडी, दारात दोन खुर्च्या, गॅसवर पिठले. तिथून सायकली घेऊन क्लाडोच्या धक्क्यावर जायचे आणि लाँचमध्ये चढायचे. वीस मिनिटांत पलीकडचा वानझे गाठता येतो. ही लाँच शहराच्या बस-रेल्वेच्याच तिकिटावर चालते. सायकलीचे तिकीट निराळे.

आता खरा प्रश्न होता सौभाग्यवतींचा. लग्नाआधी माहेरी, मानवतला, त्या सायकल चालवीत. लग्नानंतर कधी नाही. कुणी मनाई केली होती असे नव्हे. पण रस्त्यावरून बाई सायकलने निघाली, की चहाच्या टपरीपासून पानपट्टीपर्यंत माना वळतात, आणि त्या वळलेल्या मानांचे वजन सायकलीच्या कॅरिअरवर बसते. भाच्याने सीट खाली करून दिली आणि बजावले, “मामी, उलटं पायडल मारलं की ब्रेक लागतो बरं का!” तिकडच्या पुष्कळ सायकलींना तशी सोय असते. पहिल्या शंभर पावलांत हँडल चारदा लटपटले. मग सरळ झाले. ग्रुनेवाल्ड नावाच्या जंगलातून वाट जाते. तिथे एका वळणावर त्या थांबल्या, पदर नीट खोचला आणि म्हणाल्या, “इथं कुणी बघतच नाही हो.”

त्या एका वाक्यापुढे मला नंतरची सगळी स्मारके फिकी वाटली.

जंगल ओलांडले, की डाह्लेम हा भाग लागतो. मराठी माणसाने तिथे दोन मिनिटे उतरावे. इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या आणि इथल्या मानवशास्त्राच्या संस्थेत, ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली, त्यांनी डॉक्टरेटचे काम केले. विषय माणसाच्या कवटीच्या उजव्या-डाव्या बाजूंतला फरक. गोऱ्या वंशाचे श्रेष्ठत्व मापांतून दिसेल, अशी गुरूंची अपेक्षा. बाईंच्या मापांतून तसे काही निघेना, आणि जे निघाले तेच त्यांनी लिहिले. परदेशी मुलीने गुरूच्या घरात बसून गुरूला ‘नाही’ म्हणायचे, ही गोष्ट लहान नव्हे. पुढे नाझी राजवटीत या संस्थेने वंशशुद्धीच्या नावाखाली जी पापे केली, त्यांची पाटी आज त्या इमारतीवर आहे. इरावतीबाई १९३० साली परतल्या आणि कालांतराने पुण्याच्या रस्त्यावर स्कूटर चालवू लागल्या. माना तेव्हाही वळत असतील. बाईंनी त्यांची मापे घेतली नाहीत, एवढेच.

डाह्लेमहून शहराच्या पोटात शिरलो. मध्यभागी ठिकठिकाणी डांबरात दगडांची दुहेरी ओळ बसवलेली दिसते. ही भिंतीची खूण. १३ ऑगस्ट १९६१ रोजी एका रात्रीत तारा पडल्या, मागून भिंत उभी राहिली, आणि पश्चिम बर्लिनभोवती सुमारे १५५ किलोमीटरचा वेढा पडला. तो ९ नोव्हेंबर १९८९ पर्यंत टिकला. भिंतीपाशी किमान १४० माणसे प्राणास मुकली. आज त्या वेढ्याच्या वाटेवरून सुमारे १६० किलोमीटरचा सायकलमार्ग जातो. जिथे गोळी घालीत, तिथे आता पोरे घंटी वाजवीत जातात. आमचे चाक त्या दगडांवरून दोनदा खडखडले आणि पलीकडे गेले.

दुसऱ्या दिवशी टेम्पलहोफचा जुना विमानतळ पाहिला. १९४८ च्या जूनमध्ये रशियनांनी पश्चिम बर्लिनचे रस्ते अडवले, तेव्हा कोळसा आणि पीठ विमानांनी इथे उतरवले गेले. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला आमचा मराठवाडा निजामाच्या राज्यातून मुक्त झाला. म्हणजे इकडे परभणी मोकळी होत होती, तेव्हा तिकडे बर्लिन आकाशातून भाकरी झेलत होते! २००८ साली विमानतळ बंद झाला, २०१० साली त्याची बाग झाली, आणि २०१४ साली नागरिकांनी मतदान करून तिथे इमारती नकोत असे ठरवले. आता त्या धावपट्टीवर सायकली धावतात. सौभाग्यवतींनी तिथे आम्हा दोघांना मागे टाकले.

पण वाचकहो, बर्लिनला हे सुख देवाने दिलेले नाही. तिथेही मोटारींचेच राज्य होते आणि पुष्कळ अंशी अजून आहे. एका चौकात खांबाला बांधलेली पांढऱ्या रंगाची सायकल दिसली. हँडलला फुले. भाचा म्हणाला, “मामा, सायकलस्वार वाहनाखाली मेला, की तिथं अशी सायकल ठेवतात.” आम्ही तिघेही थोडा वेळ चालत गेलो. तिथल्या लोकांनी २०१६ साली सह्यांची मोहीम काढली. महिन्याभराच्या आत लाखावर सह्या जमल्या. त्या रेट्यातून २०१८ साली शहराने रहदारीचा कायदा केला, आणि सायकलींना सुरक्षित रस्ते देणे हे सरकारचे काम ठरले. कायदा झाला म्हणून सगळे रस्ते तयार झाले असे नाही. पण मागायला आधार मिळाला.

परतल्यावर म्हणीकडे मी नव्याने पाहू लागलो. आपली परभणी सायकलीसाठीच अंथरलेली असावी इतकी सपाट आहे. बर्लिनच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचे तर जवळपास गंगाखेड गाठल्याइतके पायडल मारावे लागते. आपल्या शहरात घर ते शाळा, शाळा ते बाजार, सारे टप्पे चिमूटभर. मानव विकास कार्यक्रमातून शाळेपासून लांब राहणाऱ्या गरजू मुलींना सायकली दिल्या जातात. सायकल मिळाली. रस्ता? एका बाजूने उसाची ट्रॉली, दुसऱ्या बाजूने जीप, आणि मधून दप्तर लावलेली ती पोर. तिच्या आईचा जीव ती घरी येईपर्यंत दारात उभा असतो. नववी-दहावीत मुलीची सायकल सुटते, ती पुष्कळदा या धास्तीने.

सौभाग्यवतींनी आता सायकल घेतली आहे. पहाटे त्या कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर जातात आणि सात वाजायच्या आत परततात. पुढे वाहने सुरू होतात म्हणून. दिवसाचा एक तास बाईला मोकळा आणि तेवीस तास बंद, हा हिशेब त्यांना पटत नाही. म्हणून एक अर्ज लिहिला आहे. मागणी मोठी नाही. शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळी शाळेच्या रस्त्यांवर जड वाहनांना बंदी, आणि कडेला हातभर रुंद रंगवलेली पट्टी. पहिली सही सौभाग्यवतींची, दुसरी माझी. खालच्या रेघा मोकळ्या आहेत.