सही करण्याआधी आईचं विचारा

मैत्रिणींनो, परवा आमच्या भिशीत विषय निघाला तो आईवडिलांना न सांभाळणाऱ्या मुलांचा. एकीने वर्तमानपत्रातली बातमी सांगितली, 'आता कोर्ट आईवडिलांना घर परत मिळवून देतं म्हणे!' सगळ्या खूश झाल्या. मी मात्र गप्प बसले. कारण 'म्हणे'वर विसंबून केवढी चूक होते, हे मी माझ्याच माहेरी पाहिलंय.

आधी बातमी नीट समजून घेऊ. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७चा. त्याच्या २३व्या कलमात म्हटलंय, की 'सांभाळ करीन' या अटीवर मिळकत घेतली आणि मग सांभाळ केला नाही, तर तो दस्त रद्द होऊ शकतो. मध्य प्रदेशातल्या एका आईने २०१९मध्ये मुलाला मिळकत बक्षीस दिली आणि मुलाने तिच्या सेवेचं वचनही लिहून दिलं. पुढे ते पाळलं गेलं नाही, अशी तिची तक्रार होती. २ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते बक्षीसपत्र रद्द ठरवलं. हा कायदा ज्येष्ठांच्या हितासाठी आहे, तेव्हा त्याचा अर्थही तसाच उदारपणे लावायला हवा, असं न्यायालयाचं म्हणणं.

पण याच न्यायालयाने डिसेंबर २०२२मध्ये दुसऱ्या एका आईच्या बाबतीत उलट निकाल दिला होता. तिने आपल्या अपत्यांच्या नावे हक्कसोडपत्र केलं होतं, पण सांभाळण्याच्या अटीवर ते केलं, असं कुठेच दिसत नव्हतं. त्यामुळे दस्त कायम राहिला. दोघीही आयाच, फरक पडला तो लिहिलेल्या चार ओळींचा.

आता माझं सांगते. वडील २०११ला गेले. घर त्यांच्या कमाईचं, मृत्युपत्र नाही. कायद्याने आई, दोन भाऊ आणि मी असे चार समान वाटे. तेराव्यानंतर धाकटा म्हणाला, "ताई, उद्या निबंधक कचेरीत येऊन एक सही कर. आई पण करतेय." मी केली. माहेर तुटायला नको ना! चार पोरींना सल्ले देणारी मी, पण त्या दिवशी कागद वाचलासुद्धा नाही. 'आई राहील कुठे?' हे विचारायचंही सुचलं नाही. आईने सही केली ती मुलांवर विश्वास टाकून. अट वगैरे कसली? स्वतःच्या मुलांना कोणी अट घालतं का?

आज आई ८१ वर्षांची आहे. चार महिने थोरल्याकडे पुण्याला, बाकी धाकट्याकडे. कोणी तिला उपाशी ठेवत नाही, हे खरं. पण तिची पिशवी कधी पूर्ण रिकामी होत नाही. दोन साड्या नि औषधाचा डबा कायम भरलेलाच.

मागच्या भाऊबीजेला मी विषय काढला. भाऊ चिडले. धाकटी वहिनी एवढंच म्हणाली, "आईंना आंघोळ मी घालते, रात्री तीनदा उठते मी. घर कोणाचं, हे ठरवताना मला विचारलं होतं का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरंच, कायद्याच्या 'अपत्य' या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातवंडं आहेत, सून नाही. सेवा मात्र बहुतेक घरांत तिच्याच वाट्याला. आणि मुलींनो, आपल्याला २००५च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला, २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तबही केलं. तशीच आईवडिलांना पोसण्याची जबाबदारीही आपल्यावर आहे. 'मी हक्क सोडला, म्हणजे सुटले' असं होत नाही.

मग करायचं काय? मला उमगलेलं सांगते.

वडील गेल्यावर हक्क सोडायचाच असेल, तर तो आईच्या नावे सोडा. आणि आईला सही करू देऊ नका. घर मुलाला द्यायचंच असेल, तर सांभाळाची अट आणि हयातभर त्या घरात राहण्याचा हक्क दस्तातच लिहून घ्या. त्याहून बरं म्हणजे मृत्युपत्र. साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. जिवंतपणी मालकी आपल्याकडेच राहते, मन बदललं तर कागदही बदलता येतो. वाटा मिळणाऱ्याला मात्र साक्षीदार करू नका. आणि बँकेत नॉमिनी लावला म्हणजे झालं, असं समजू नका. नॉमिनीच्या हाती पैसे येतात, पण मालक ठरतात ते वारसच.

वेळ निघून गेली असेल, तर प्रांताधिकाऱ्यांकडे निर्वाहासाठी अर्ज करता येतो. वकील लागत नाही, नोटीस लागल्यापासून साधारण ९० दिवसांत निकाल अपेक्षित असतो. २००७च्या कायद्यात महिना १०,००० रुपयांपर्यंतची तरतूद आहे. अर्ज कसा करायचा, हे १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर विचारता येतं. लातूर जिल्हा परिषदेने तर २०२१मध्ये आईवडिलांना न सांभाळणाऱ्या काही कर्मचाऱ्यांच्या पगारातून ३० टक्के रक्कम कापायला सुरुवात केली होती.

पण पगारकपातीने पोट भरतं, मन नाही. आमच्याकडे तीन बैठका झाल्या, त्यात दोनदा आवाज चढले. शेवटी एवढं ठरलं: आई धाकट्याकडेच, स्वतःच्या जुन्या खोलीत राहील. रात्रीच्या बाईचा पगार थोरला आणि मी निम्मा निम्मा देऊ. दर महिन्याचे आठ दिवस आईजवळ मी, म्हणजे वहिनीला सुट्टी. हे सगळं कागदावर लिहून आईसमोर वाचलं. आई म्हणाली, "बाबांच्या वेळीच बसला असतात असे!"

घराची मालकी अजून भावांचीच आहे. ते भांडण मी सोडलेलं नाही. पण गेल्या महिन्यात गेले, तेव्हा पिशवी खुंटीला रिकामी लटकत होती.