पाडव्याच्या रात्रीचे गोळे आणि शुक्राची वारी

2 एप्रिल 2022, गुढीपाडवा. रात्री पावणेआठच्या सुमारास विदर्भाच्या आकाशातून जळते तुकडे ओळीने सरकत गेले. अनेकांना ती उल्का वाटली. थोड्याच वेळात चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले. परिसरात धातूचे गोळेही सापडले. वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातूनही अशाच वस्तूची बातमी आली. फेब्रुवारी 2021 मध्ये सुटलेल्या ‘लाँग मार्च 3बी’ या चिनी रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचे हे अवशेष असावेत, असे अभ्यासकांचे मत पडले.

एवढे मोठे रॉकेट जळाले, मग गोळे कसे वाचले? सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने येणाऱ्या वस्तूपुढची हवा दबून भयंकर तापते. नुसत्या घर्षणाचा हा खेळ नाही. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळते, टायटॅनियमला सुमारे 1,670 अंश लागतात. शिवाय पोकळ, हलकी टाकी विरळ हवेतच मंदावते. वेग निम्मा झाला, की त्याच हवेत तापणे सुमारे आठपट घटते. म्हणून वायूच्या टाक्या जमिनीपर्यंत पोचतात.

हाच हिशेब इस्रोला शुक्रासाठी मांडायचा आहे. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्राने मंजूर केलेली 1,236 कोटींची शुक्र मोहीम मार्च 2028 मध्ये निघायची आहे. लांबट कक्षेत पोचलेले यान शुक्राच्या वातावरणाला पुन्हा पुन्हा चाटून वेग कमी करेल. इंधन वाचेल, पण सौरपंखे तापतील. म्हणून पंख्याचे, सांध्यांचे, तारांचे संगणकावर बारीक भाग पाडून प्रत्येकात किती उष्णता शिरते, किती बाहेर पडते, हे मोजतात. अडचण हवेची: तिची घनता प्रत्येक फेरीत बदलते. नासाच्या मॅगेलनने 1993 मध्ये शुक्राभोवती हे सुमारे सत्तर दिवसांत साधले. मंगळाभोवती मार्स ग्लोबल सर्व्हेयरचा आधीच दुखावलेला पंखा हवेच्या दाबाने वाकू लागला आणि काम वर्षभर लांबले.

यान वाचवण्यासाठी जे गणित करतात, तेच उलटे वापरून रॉकेटचे भाग पूर्ण जळतील असे घडवता येतात, किंवा थोडे इंधन राखून टप्पा समुद्रात उतरवता येतो. त्यासाठी खर्च वाढतो, वाहून नेण्याचे वजन घटते. 1972 चा आंतरराष्ट्रीय करार नुकसानीची भरपाई सोडणाऱ्या देशावर टाकतो. टप्पा समुद्रातच उतरवा, अशी सक्ती मात्र तो करत नाही.