गुडघ्याचा टोल

उर्से टोलनाका एक्सप्रेसवेने जाणाऱ्या सगळ्यांना माहीत असतो. मी मात्र तिथे गुडघ्याचा टोल भरलाय!

झालं असं, की हाफ मॅरेथॉनचं खूळ डोक्यात शिरलं. आठवडाभर खुर्चीत आणि शनिवार-रविवारी उर्से गावाच्या रस्त्यांवर पळापळ. तीन आठवड्यांत 5 किलोमीटरचे 14 केले. चौथ्या रविवारी उतारावर वाटीखाली अशी कळ आली, की... असो. पुढचे दोन महिने ऑफिसचा जिना कठडा धरून उतरत होतो.

सल्ले दोनच मिळाले: "महागडे बूट घे" आणि "पळणं सोड, गुडघे झिजतात". माझ्या मते दोन्ही चूक. 2017 च्या एका मोठ्या आढाव्यात गुडघ्याच्या आणि खुब्याच्या झिजेचा संधिवात हौशी धावपटूंत साधारण 3.5 टक्के, तर बैठ्या लोकांत 10 टक्के निघाला. गुन्हेगार पळणं नाही, घाई आहे. दम लवकर वाढतो, सांध्यांना जास्त वेळ लागतो. आणि आपण ऐकतो दमाचं!

दुसरा गुन्हेगार म्हणजे लांब ढांगा. पाय अंगाच्या फार पुढे पडला की धक्का गुडघ्याला. वेग तोच ठेवून मिनिटाला पडणारी पावलं 5 ते 10 टक्क्यांनी वाढवली तर गुडघ्यावरचा भार कमी होतो, हे विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 मध्ये दाखवलं. फुकटचा उपाय!

नव्या सर्व्हरवर पहिल्याच दिवशी सगळा लोड टाकतो का आपण? मग गुडघ्यावर का टाकावा?

सध्या मी 4 किलोमीटरवर आहे. छोटी पावलं. टोलनाका दिसला की मागे फिरायचं.