रुग्णाला शिकवण्याची वेळ

जानेवारी 1922 मध्ये टोरांटोच्या रुग्णालयात एका चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले. तोवर त्या वयातला मधुमेह म्हणजे मरणाचे वॉरंट होते. ही कथा अनेकांना ठाऊक असते. तिचा उत्तरार्ध मात्र फारसा सांगितला जात नाही. औषध सापडले खरे, पण ते रोज, दिवसातून एकाहून अधिक वेळा आणि आयुष्यभर टोचायचे होते. डोस कमी पडला तर साखर चढून बेशुद्धी, जास्त झाला तर साखर उतरून बेशुद्धी. हे काम करायला कोणता डॉक्टर रोज घरी येणार होता? इन्सुलिन सुरक्षितपणे वापरायचे तर रुग्णाने थोडेफार डॉक्टरकीचे आणि बरेचसे परिचारिकेचे काम स्वतः शिकणे भाग होते.

बॉस्टनचे डॉ. इलियट जॉस्लिन यांनी याची तयारी आधीच केली होती. डॉक्टर आणि रुग्ण दोघांनी मिळून वापरावे असे मधुमेहाचे हस्तपुस्तक त्यांनी 1918 मध्ये, म्हणजे इन्सुलिनच्या चार वर्षे आधी काढले. तेव्हाचा उपचार जवळजवळ उपासमारीचाच होता आणि तोही रुग्णाच्या समजुतीवर चालायचा. 7 ऑगस्ट 1922 रोजी जॉस्लिन यांनी पहिल्यांदा इन्सुलिन टोचले ते एलिझाबेथ मज या स्त्रीला. ती स्वतः परिचारिका होती. पुढे त्यांच्या रुग्णांना सारेच शिकावे लागले: काचेची सिरिंज उकळायची, सुई बोथट झाली की दगडावर घासायची, पाव-मांस-भाजी तराजूत तोलून खायची, परीक्षानळीत लघवी आणि बेनेडिक्टचे द्रावण तापवून रंग पाहायचा. निळा राहिला तर ठीक, हिरवा-पिवळा झाला तर सावध, विटकरी झाला तर गडबड. शिकवायच्या परिचारिका, आणि त्यातल्या काहींना रुग्णांच्या घरीही पाठवले जाई. कारण वॉर्डात तोललेले अन्न आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात तोललेले अन्न यांत फरक पडतो, हे त्यांना अनुभवाने कळले होते.

रुग्णशिक्षणाचा इतिहास सांगताना तो सहसा मानवतेचा आणि जागृतीचा इतिहास म्हणून सांगतात. कागदपत्रे जरा वेगळे बोलतात. रुग्णाला मनापासून शिकवले गेले ते बहुतेक वेळा दुसरा इलाज नव्हता म्हणून. याच बॉस्टनमध्ये 1905 साली डॉ. जोसेफ प्रॅट यांनी गरीब क्षयरोग्यांचा ‘वर्ग’ भरवायला सुरुवात केली, कारण डोंगरावरच्या सॅनेटोरियमचा खर्च त्या रोग्यांच्या आवाक्याबाहेर होता. मग सॅनेटोरियमचेच नियम घरी पाळायचे ठरले. आठवड्यातून एकदा वर्ग भरे. प्रत्येकाच्या हाती एक वही असे. ताप, आहार, विश्रांतीचे तास तीत रोजच्या रोज लिहायचे आणि वर्गात दाखवायचे. घरी जाऊन पाहणी करायला परिचारिका नेमलेली होती. गटाने बसून बोलण्यातून रोग्यांना मिळणारा धीर पाहून पुढे मानसोपचारवाल्यांनी प्रॅटना समूहोपचाराचे जनक ठरवले. ते असो, आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती वही. सांगितलेले पाळले जाते का, हे तीत दिसायचे.

परिचर्येच्या व्यवसायाचे या कामाशी नाते मात्र चमत्कारिक राहिले आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे परिचर्येवरचे गाजलेले पुस्तक 1859 चे. ते व्यावसायिक परिचारिकांसाठी नव्हतेच. घरातल्या माणसांची शुश्रूषा ज्यांच्या गळ्यात पडते त्या सामान्य बायकांसाठी होते. म्हणजे आरंभ घरातून झाला. पुढे परिचर्या रुग्णालयात शिरली, गणवेश आला, ड्यूट्या आल्या आणि रुग्णाने काही विचारले तर ‘डॉक्टरांना विचारा’ हे शिस्तीचे उत्तर झाले. अमेरिकेतल्या परिचर्या-शिक्षण संस्थेने 1937 च्या अभ्यासक्रमात परिचारिका ही मुळातच शिक्षिका आहे असे लिहिले, तरी वॉर्डात तिने नेमके किती बोलावे हे ठरलेले नव्हते.

ते किती ठरलेले नव्हते हे 1976 मध्ये आयडाहो राज्यात दिसले. जोलीन टुमा या परिचर्येच्या शिक्षिकेने केमोथेरपी सुरू होणार असलेल्या रक्ताच्या कर्करोगाच्या एका रुग्ण स्त्रीशी इतर पर्यायांविषयी चर्चा केली. रुग्णेनेच तसे विचारले होते. त्या चर्चेत लेट्रिलसारखे, आज आपण भोंदू म्हणू असे उपायही होते. डॉक्टरांनी तक्रार केली आणि डॉक्टर-रुग्ण नात्यात ढवळाढवळ केली म्हणून राज्याच्या परिचर्या मंडळाने टुमा यांचा परवाना सहा महिन्यांसाठी निलंबित केला. 1979 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला, पण कारण तांत्रिक होते: असे बोलणे म्हणजे गैरवर्तन, हे कायद्यात कुठे स्पष्ट लिहिलेले नव्हते. टुमा यांनी बोलणे योग्य होते की अयोग्य, हा प्रश्न न्यायालयाने तसाच सोडला. लेट्रिलची बाजू घेण्याचे काही कारण नाही. तरीही रुग्णाने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणे हा परवाना जाण्याचा विषय होऊ शकतो, हे एकदा दिसल्यावर किती जणींनी पुढे तोंड मिटले असेल?

वास्तविक, सांगण्याने काय साधते याचा पुरावा त्याआधीच हाती आला होता. 1964 मध्ये डॉ. लॉरेन्स एग्बर्ट आणि सहकाऱ्यांनी बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये पोटाची शस्त्रक्रिया होणाऱ्या 97 रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला भूलतज्ज्ञाने आदल्या रात्री बसून सांगितले की शुद्धीवर आल्यावर कुठे दुखेल, का दुखेल, स्नायू सैल कसे सोडायचे, कुशीवर कसे वळायचे. दुसऱ्या गटाला हे सांगितले नाही. सांगितलेल्या गटाला शस्त्रक्रियेनंतर वेदनाशामक अफूजन्य औषधे जवळजवळ निम्मीच लागली. कोणाला काय सांगितले हे शल्यविशारदांना ठाऊक नव्हते. तरी त्यांनी या रुग्णांना सरासरी 2.7 दिवस आधी घरी सोडले. एखाद्या गोळीने एवढे केले असते तर ती जगभर विकली गेली असती.

आपल्याकडचा मोठा धडा मद्रासचा आहे. 1956 मध्ये तिथल्या क्षयरोग केमोथेरपी केंद्राने 193 रुग्णांवर एक चाचणी सुरू केली; निम्मे सॅनेटोरियममध्ये, निम्मे आपल्या दाटीवाटीच्या घरांत. घरी राहिलेल्या रुग्णांचे खाणे सॅनेटोरियमच्या तुलनेत निकृष्ट, काबाडकष्ट जास्त, विश्रांती कमी. आणि तरीही 1959 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही गटांचे बरे होणे जवळपास सारखेच होते. घरच्या माणसांना लागणीचा धोकाही वाढला नव्हता. जगभरची सॅनेटोरियमे बंद होण्यात या चाचणीचा वाटा मोठा. तिच्या यशात औषधांइतकेच काम घरोघर जाणाऱ्या आरोग्य निरीक्षकांचे होते. ते समजावत, अवचित भेटी देत, औषध पोटात गेले की नाही हे लघवी तपासून पाहत. पुढे 1997 पासून राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात देखरेखीखाली गोळी गिळण्याची पद्धत रुजली. तिच्यामुळे उपचार अर्धवट सोडण्याला आळा बसला हे मान्य करूनही म्हणावे लागते की समजावण्यापेक्षा पहारा सोपा, म्हणून तो निवडला गेला.

शिकवणे आणि तपासणे यांची सर्वांत कडक सांगड घातली ती बांगलादेशाच्या ‘ब्रॅक’ या स्वयंसेवी संस्थेने. 1971 च्या निर्वासित छावणीत, बनगावला, डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइन संपल्यावर मीठ-साखरेचे पाणी नातेवाइकांच्याच हाती दिले आणि पटकीने मरणाऱ्यांचे प्रमाण झपाट्याने उतरवले. तीच गोष्ट घरोघर न्यायची म्हणून 1980 मध्ये ‘ब्रॅक’च्या कार्यकर्त्या निघाल्या. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. आईसमोर करून दाखवायचे नाही, आईकडून करवून घ्यायचे. काही आठवड्यांनी दुसरेच कोणी जाऊन मोजक्या घरांत विचारी: काय आठवते? करून दाखवा. मिठाचे प्रमाण तपासले जाई. त्या उत्तरांवर कार्यकर्तीचा पगार ठरे. किती घरे केली यावर नव्हे, आयांना किती आठवते यावर. दहा वर्षांत एक कोटीहून अधिक घरे झाली.

तरी सुरुवातीला एक विचित्र गोष्ट आढळली. आयांना सारे पाठ होते, पण मूल हगवणीने आजारी पडले की त्या हे पाणी देत नसत. चौकशी केल्यावर कळले की कार्यकर्त्या स्वतःला जुलाब झाले की गोळ्या घेत होत्या. त्यांचाच विश्वास नव्हता. शिवाय घरातल्या पुरुषांशी कोणी बोललेच नव्हते. दोन्ही दुरुस्त केल्यावर वापर वाढला. आरोग्यशिक्षणाच्या कोणत्याही अभ्यासक्रमात हा प्रसंग पहिल्या पानावर हवा.

महाराष्ट्रालाही हे नवे नाही. जामखेडला 1970 पासून डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी शाळेची पायरीही न चढलेल्या बायकांना आरोग्यसेविका केले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने 39 गावांत आरोग्यदूतांमार्फत आयांना नवजात बाळाची ऊब, स्तनपान आणि धोक्याची चिन्हे शिकवली, आजारी बाळांवर घरीच उपचार केले; तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी घटलेला होता. पण ही दोन्ही उदाहरणे डॉक्टर पोचत नव्हते अशा गावांची आहेत. म्हणजे पुन्हा तेच, दुसरा इलाज नव्हता.

जिथे डॉक्टर आहेत, खाटा आहेत, त्या शहरी रुग्णालयांत काय चालते? ओपीडीच्या बाकांसमोर परिचर्येच्या विद्यार्थिनी तक्ते टांगून ‘हेल्थ टॉक’ देतात. त्याची फाइल होते, गुण मिळतात. नोकरीला लागल्यावर त्याच मुलींना बोलायला वेळ उरत नाही. सामान्य रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी असा परिचर्या परिषदेचा निकष आहे. रात्रपाळीला एकटीने सबंध वॉर्ड सांभाळणाऱ्या सिस्टरला तो विनोद वाटेल. मग इन्सुलिनचे पेन, दम्याचा पंप, शस्त्रक्रियेनंतर पोटावर लावलेली पिशवी, डायलिसिसच्या रुग्णाचे मोजून पिण्याचे पाणी, हे सगळे डिस्चार्जच्या दिवशी बिल भरण्याच्या गडबडीत, इंग्रजी कार्डावर बोट ठेवून पाच मिनिटांत उरकते. खाली नातेवाइकाची सही असते: सर्व समजावून सांगितले. ही सही रुग्णालयाचे रक्षण करते. रुग्णाला काय समजले हे तिच्यातून कळत नाही.

यावर नवे पोस्टर किंवा ॲप काढण्याची घाई करू नये. आधी या कामाला ड्यूटीच्या तक्त्यात वेळ द्यावा आणि ते कोणाचे हे नावानिशी ठरवावे. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी रुग्णाने किंवा त्याची काळजी घेणाऱ्या माणसाने पेन जोडून, पंप ओढून दाखवावा. चुकला तर पुन्हा. परिचारिकेने काय बोलावे आणि कशासाठी डॉक्टरांकडे पाठवावे, हे लेखी असावे, म्हणजे तिला भीती राहणार नाही. आणि महिन्याभराने दर वॉर्डातल्या दहा रुग्णांना फोन करून विचारावे की इन्सुलिन कुठे ठेवता, कधी घेता, चक्कर आली तर काय करता. फोन प्रत्येक वॉर्डात आहे. उत्तरे लिहून घ्यायला एक वही पुरेल, आणि ती दर महिन्याला मेट्रनच्या आणि अधीक्षकांच्या टेबलावर जावी.