प्लग तापण्याआधी एक भागाकार

मैत्रिणींनो, मागच्या दिवाळीत अगदी अभ्यंगस्नानाच्या पहाटे आमचा गीझर बंद पडला. घर पाहुण्यांनी भरलेलं! मग काय, माळ्यावरचा पाणी तापवायचा रॉड काढला, बाथरूमबाहेर एक्स्टेन्शन बोर्ड ओढला आणि दिला लावून. त्याच बोर्डवर वन्संनी साडीला इस्त्री फिरवायला घेतली. थोड्याच वेळात जळका वास! प्लग ओढायला माझ्या सात वर्षांच्या लेकीनं हात पुढे केला. सासूबाई ओरडल्या म्हणून ती थबकली. भिंतीवरचं बटण बंद करून पाहते तो बोर्डचं प्लॅस्टिक वितळून वाकडं झालेलं.

मी बी. ए. झालेली, शाळेत अर्धवेळ मराठी शिकवणारी. विज्ञान दहावीतच सुटलं. सुट्टीनंतर शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना विचारलं, तर त्यांनी मधल्या सुट्टीत कागदावर हिशेब मांडून दिला. तो तुम्हालाही सांगते. दूधवाल्याच्या हिशेबाहून कठीण नाही हो!

आपल्या घरात विजेचा दाब साधारण २३० व्होल्ट. व्होल्टला ॲम्पिअरनं, म्हणजे प्रवाहानं गुणलं की वॅट येतात. वॅट तर वस्तूवर छापलेलेच असतात. मग उलट करायचं : वॅटला २३० नं भागायचं. आमचा रॉड १५०० वॅटचा, म्हणजे साडेसहा ॲम्पिअर. इस्त्री १००० वॅटची, म्हणजे ४.३५. दोन्ही मिळून जवळजवळ ११. आणि बोर्डवर बारीक अक्षरांत काय लिहिलं होतं? ६ ॲम्पिअर! म्हणजे जेमतेम १३८० वॅट. एकटा रॉडसुद्धा त्याला जड होता.

व्होल्टला ॲम्पिअरनं भागलं की रोध मिळतो, तो ओहममध्ये. रॉडचा ३५, इस्त्रीचा ५३. रोध कमी, तितका प्रवाह जास्त.

मग प्लगच का वितळला? बोर्डमधल्या पट्ट्या सैल झाल्या की तिथे आणखी थोडा रोध येतो. तिथली उष्णता काढायची तर प्रवाहाला प्रवाहानंच गुणायचं आणि पुन्हा रोधानं. समजा, अर्धा ओहम आहे. ११ गुणिले ११ गुणिले अर्धा, म्हणजे ६० वॅट! रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचं डाग द्यायचं यंत्र २५ वॅटचंही असतं. इथे त्याच्या दुपटीहून जास्त उष्णता एवढ्याशा प्लॅस्टिकमध्ये.

तुम्ही म्हणाल, एमसीबीचं बटण आपोआप का पडलं नाही? आमचं ते १६ ॲम्पिअरचं. ११ ॲम्पिअरला ते कशाला पडेल? ते भिंतीतल्या तारा सांभाळतं, आपला स्वस्तातला बोर्ड नाही.

तेव्हा आज दुपारी एवढं कराच. प्रत्येक वस्तूचे वॅट वाचा, २३० नं भागा आणि सॉकेटवरच्या आकड्याशी ताडून पाहा. जुन्या घरांत ६ आणि १६ ऐवजी ५ आणि १५ असेल. गीझर, रॉड, २००० वॅटची इंडक्शन शेगडी यांना भिंतीतला मोठा सॉकेटच हवा. एका बोर्डवर दोन वस्तू असतील तर बेरीज करायला विसरू नका. आणि प्लग हाताला गरम लागला, तर मेन बटण आधी बंद. इस्त्रीची साडी मागाहून!