कोलशेतला संथ बोट हवी

शनिवार उजाडला की ठाण्यातल्या कोलशेत रोडवरच्या संकुलांमधून गाड्या बाहेर पडतात. सगळ्यांना गर्दीपासून दूर लोणावळा गाठायचं असतं. कापूरबावडीलाच पहिली रांग लागते, खंडाळ्याच्या घाटात दुसरी. प्रत्येकाने आपली गाडी काढली की शहरातली गर्दीच घाटात जाऊन बसते. निवांतपणा हवा असेल तर तो सार्वजनिक वाहनातच मिळेल, असं माझं ठाम मत झालं आहे.

निवृत्तीनंतर मी मधल्या वारी भाईंदरहून वसईची रो-रो बोट पकडते. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती सुरू झाली. रस्त्याने गेलं तर घोडबंदर, वर्सोवा पूल आणि महामार्ग असा लांबलचक वळसा पडतो. खाडीच्या पाण्यावरून साडेतीन किलोमीटर. नोकरीभर लोकलच्या दारात अंग चोरून उभी राहिलेली मी इथे पिशवी शेजारी ठेवून ऐसपैस बसते. रेल्वेचा पूल मागे पडतो, कांदळवनावर बगळे दिसतात आणि वसईचा किल्ला जवळ येतो. अनोळखी माणसाशीही सहज बोलणं होतं.

हीच खाडी आमच्या कोलशेतलाही लागून आहे. पलीकडे काल्हेर, पण तिथे जायचं तर बाळकूमवरून कशेळी पुलावर ट्रकांच्या मागे ताटकळायचं. २०१६ च्या कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई हा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ ठरला. पुढे कोलशेत, काल्हेर, डोंबिवली आणि मीरा-भाईंदरच्या जेट्ट्यांची घोषणाही झाली. पण बोट अजून आमच्या रोजच्या वापरात आलेली नाही.

ती येईल तेव्हा फक्त कचेरीच्या वेळेपुरती नसावी. कोचीची वॉटर मेट्रो एप्रिल २०२३ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिचं किमान भाडं २० रुपये होतं. बेटांवरचे रहिवासी आणि फिरायला आलेले लोक तिथे एकाच बोटीत बसतात. कोलशेतलाही भर दुपारी ठरल्या वेळी सुटणारी फेरी, थेट जेट्टीपर्यंत टीएमटीची बस आणि ज्येष्ठांना सवलत हवी. कांदळवन आणि आगरी-कोळी बांधवांची मासेमारी सांभाळूनच हे व्हायला हवं.

ठाण्यात मेट्रो आणि उड्डाणपुलांवर मोठा पैसा खर्च होतो आहे. त्यातला थोडा तरी वाटा या बोटीला मिळाला पाहिजे. गाडी न काढता चार तास मोकळ्या हवेत काढण्याची सोय हीसुद्धा नागरी सुविधाच आहे. ती मागताना आपण संकोच करू नये.